धाकटीच्या वहीतली थोरली

धाकटीला अडीच वर्षांचा पगार मिळाला आणि थोरलीची मात्र चार महिन्यांच्या मजुरीवर बोळवण होणार, हे ज्या दिवशी घरात कळलं, त्या दिवसापासून थोरलीला धाकटीच्या चपलांचा आवाजसुद्धा सोसेना.

लिफ्ट तर एकच होती. अकरा महिन्यांपूर्वी दोघी जावा चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरातून कामाला निघाल्या, लिफ्टमध्ये शिरल्या, आणि दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली दोर सुटून ती सरळ तळाच्या खड्ड्यात आदळली. थोरलीनं उजव्या हातानं कडेचा दांडा धरला होता. शरीर खाली गेलं, हात वर राहिला, आणि अंगठा बुडापासून पिरगळला. धाकटी पडली ती थोरलीच्या अंगावर.

"मी खाली गादी झाले म्हणून हिचा मणका शाबूत राहिला," थोरली नवऱ्याला म्हणाली. "आणि पैसे कुणाला? तर गादीवर पडलेलीला."

"अगं, तिला मानेचा पट्टा होता चार महिने."

"पट्टा काय, बाजारात मिळतो."

नवऱ्यानं टॉवेल उचलला आणि तो आंघोळीला गेला. तो नळजोडणीचं काम करायचा. कुठला नळ किती पिळायचा आणि कुठं सोडून द्यायचं, हे त्याला कळत होतं.

थोरली बाइंडिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं काम करत होती. छापून आलेला मोठा कागद तीन घड्या घालून सोळा पानांचा करायचा, त्याला फर्मा म्हणतात. घडी घालायची, हाडाच्या गुळगुळीत पट्टीनं दाबायची, पुढचा कागद घ्यायचा. मजुरी शेकड्यावर. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच या वेळात ती बाराशे फर्मे करायची, आणि तिच्या घडीत कोपऱ्याला कोपरा असा बसायचा की मालक नव्या बायकांना तिचा फर्मा दाखवून म्हणायचा, "हे बघा, आणि मग मला विचारा मजुरी का कापली."

ती आठ भावंडांत वाढली. त्या घरात रडणाऱ्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. त्यामुळे दुखलं तरी "काही नाही" म्हणायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. दुसऱ्या बाळंतपणात ती इतकी गप्प पडून होती, की अजून अवकाश आहे असं समजून नर्स चहाला गेली आणि परत येते तो मुलगी झालेली. ही गोष्ट सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. थोरली अशा वेळी हटकून आत काहीतरी शोधायला जायची, पण दाराआडून ऐकायची.

आणि मग या घरात धाकटी आली. कानामागून आली आणि तिखट झाली. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. तिला वारा लागायचा, ऊन लागायचं, नव्या चपला लागायच्या, आणि जे लागायचं ते ती सांगायची. डोकं दुखलं तर घरातल्या सगळ्यांना कळायचं. दीर धावपळ करायचे, सासूबाई बाम शोधायच्या. थोरलीला वाटायचं, एवढ्या दुखण्यात मी दोनशे फर्मे केले असते.

लिफ्ट पडली त्या दिवशी इस्पितळात दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं होतं. धाकटी ओरडत होती. तरुण डॉक्टर थोरलीकडं वळला आणि म्हणाला, "तुम्हाला काय होतंय?"

थोरलीचा अंगठा तेव्हा ठणकत होता. पण पलीकडे धाकटी "आई गं, मेले गं" करत होती, आणि थोरलीला तिच्या रांगेत बसायचं नव्हतं.

"मला काही नाही," ती म्हणाली. "आधी तिला बघा."

डॉक्टरनं ते तसंच लिहून घेतलं, हाताला चिकटपट्टी गुंडाळली आणि तिला घरी पाठवलं. घरी आठवडाभर तिचं कौतुक झालं. "स्वतः पडली असून आधी तिला बघा म्हणाली," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. नवव्या दिवशी थोरली कामावर हजर झाली. त्याचंही कौतुक झालं.

धाकटी मात्र चार महिने घरी राहिली. मानेचा पट्टा तिनं कपड्यांच्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या कापडानं मढवून घेतला होता. तिनं आठवड्याभरातच एक वकीलबाई गाठली. त्या बाईंनी तिला सांगितलं, "रोज लिहून ठेवा. काय करता येत नाही, कोण काय करतं, सगळं." झालं. धाकटी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी निळी वही घेऊन बसायची आणि सात-आठ ओळी लिहायची.

"झालं का आजचं रडगाणं?" थोरली विचारायची.

"थोडं राहिलंय, जाऊबाई," धाकटी मान न वळवता म्हणायची. मान वळतच नव्हती म्हणा.

आणि त्या वहीवर अडीच वर्षांचा पगार आला! लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचा विमा होता, त्या विमा कंपनीनं तडजोड करून पैसे दिले. धाकटीनं पहिल्यांदा कडक गादी आणली. लिफ्ट अजून बंद होती, तेव्हा दोन हमालांनी ती चार मजले चढवली, आणि प्रत्येक मजल्यावरच्या बायका दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. मग तिनं सासूबाईंना कानाचं यंत्र आणून दिलं.

गादीचं थोरलीनं एक वेळ सोसलं असतं. यंत्रानं मात्र घात केला. सासूबाईंना बारा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं, आणि त्या बारा वर्षांत थोरलीला ओट्याशी उभं राहून पुटपुटायची सवय लागली होती. तेवढीच तिची मोकळी जागा.

"मान दुखते म्हणे," एके सकाळी ती भांडी विसळता विसळता पुटपुटली. "मान दुखते, तर आठ तास चष्मे कसे विकता येतात? माझा हात लाकूड झालाय, पण मला कुठं नाटकं येतात..."

"ऐकू आलं बरं का मला," मागून सासूबाई म्हणाल्या.

थोरलीच्या हातातली ताटली खाली गेली.

"आणि परवाचंही आलं. डबा उघडताना आई गं म्हणालीस ते."

"मी नाही म्हणाले."

"म्हणालीस. बघू हात. मूठ मीट."

थोरलीनं बोटं आवळली. चार बोटं मिटली, अंगठा बाहेरच राहिला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. "तुझी तर मूठच मिटत नाही थोरले, मग झाकतेस काय? त्या कागदावर सही केलीस?"

कागद म्हणजे विमा कंपनीचं पत्र. चार महिन्यांची मजुरी घ्या, खाली सही करा, आणि यापुढे या अपघाताबद्दल आमचं काही मागणं नाही असं लिहून द्या. उत्तर द्यायला तीन आठवडे होते, त्यातले दोन संपले होते. एकदा सही झाली की दार बंद. मग हात गळून पडला तरी कुणी विचारणार नव्हतं.

आणि हात खरंच गळत चालला होता. हे घरात कुणालाच ठाऊक नाही असा थोरलीचा समज होता. अंगठ्यात पट्टी धरवत नव्हती, म्हणून ती डाव्या हातानं घडी दाबायला शिकली होती. पाचपर्यंत जेमतेम नऊशे फर्मे व्हायचे. उरलेले तीनशे पुरे करायला ती सातपर्यंत बसायची. मालकाच्या नोंदीत रोज बाराशेच दिसायचे. हे असं निवृत्तीपर्यंत आणखी अकरा वर्षं रेटायचं होतं, आणि घडीचा कोपरा आताच सुटायला लागला होता. परवा मालकानं तिचा एक फर्मा उचलला, बघितला आणि काही न बोलता खाली ठेवला. त्या न बोलण्यानं तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धा दिवस रजा टाकली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कार्डावरचा पत्ता शोधत वकीलबाईंकडे गेली. घरी सांगितलं नाही. धाकटीच्या वकिलाकडे जाणं म्हणजे धाकटीच्या उष्ट्या ताटात जेवण्यासारखं होतं.

वकीलबाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. चष्मा धाकटीच्या दुकानातला असावा, असं थोरलीला उगीचच वाटलं.

"माझ्या जावेला सोसण्याचे म्हणून किती मिळाले?" तिनं बसल्या बसल्या विचारलं.

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमचं सांगा."

"माझं काय, मला काही नाही."

"मग आलात कशाला?"

थोरलीनं पिशवीतले कागद काढून टेबलावर ठेवले. वकीलबाईंनी पत्र वाचलं, इस्पितळाचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "भरपाई पाच गोष्टींची मागता येते. औषधपाणी. बुडालेली मजुरी. पुढं बुडेल ती मजुरी. घरात दुसऱ्यांना तुमची जी कामं करावी लागली, ती. आणि भोगलेला त्रास. तुमच्या कागदावर पाचही ठिकाणी भोपळा आहे. औषध घेतलं नाहीत, मजुरी बुडवली नाहीत, घरात मदत घेतली नाहीत, आणि त्रास? तुम्हीच सांगितलंत, मला काही नाही. चार महिने तरी कशाचे देतायत याचंच मला आश्चर्य वाटतं."

"लिफ्ट तर एकच होती ना?"

"लिफ्टचे पैसे मिळत नाहीत, बाई. तुमचं जे गेलं त्याचे मिळतात. आणि काय गेलं ते कुणीतरी बोलावं लागतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात." त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली पुढं केली. "जरा उघडून द्या."

थोरलीनं बाटली काखेत दाबली आणि डाव्या हातानं झाकण फिरवलं. इतक्या सफाईनं, की तिचं तिलाही कळलं नाही.

वकीलबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

तीन दिवसांत त्यांनी तिला हाताच्या डॉक्टरकडं पाठवलं. अंगठ्याच्या बुडाचा बंध फाटला होता. तेव्हाच कळलं असतं तर शिवता आला असता, आता पकड जवळजवळ निम्मीच राहणार, असं डॉक्टरनं लिहून दिलं. थोरलीला वाटलं, झालं काम.

"नाही झालं," वकीलबाई फोनवर म्हणाल्या. "ते विचारतील, हे लिफ्टमुळेच झालं कशावरून? इस्पितळात तर तुम्ही काही नाही म्हणालात. नंतर घरात घसरून पडला नसाल कशावरून? पहिल्या दिवसापासून हात चालत नव्हता, हे सांगणारं कुणी हवं. स्वयंपाकघरात तुमच्याबरोबर कोण असतं?"

थोरलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिच्याकडे वही आहे. मी तिच्या मानेपुरत्याच ओळी उतरवून घेतल्या होत्या, वही तिच्याचकडे आहे. तिला विचारा. शुक्रवारी अकराला त्यांच्या ऑफिसात बैठक आहे."

बुधवार गेला. थोरली दोनदा धाकटीच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा दाराशेजारची खुंटी सरळ करून परत आली. कडक गादीवर धाकटी ताठ पडून होती. तिच्या दुखण्याला आता डॉक्टरचा शिक्का होता, कंपनीची सही होती, गादी होती. थोरलीचं दुखणं मात्र अजून चोरटं होतं. तिला पैशांचा हेवा वाटत होताच, पण त्याहून जास्त या गोष्टीचा वाटत होता, की ही बाई भर दुपारी, उजळ माथ्यानं दुखून घेऊ शकते.

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. धाकटी पीठ मळत होती.

"तुझी ती वही," थोरली भिंतीकडं बघत म्हणाली. "एक दिवस पाहिजे."

धाकटीचे हात थांबले. "कशाला?"

"वकीलबाईंनी सांगितलंय."

"तुम्ही माझ्या वकीलबाईंकडं गेलात?"

"तू काय विकत घेतल्यास का त्या?"

"तसं नाही, जाऊबाई. पण ती वही तुम्ही वाचू नका. वाईट वाटेल."

"तुझी रडगाणी मला पाठ आहेत."

"माझी आहेत, पण..." धाकटीनं पिठाचा हात पुसला, आत गेली आणि वही आणून टेबलावर ठेवली. "वाचा मग. पण नंतर भांडायचं नाही. आधीच सांगते."

थोरली खुर्ची ओढून बसली.

*दिवस चौथा. मान जराही वळत नाही. सकाळी जाऊबाईंच्या ब्लाउजची बटणं मी लावली. त्यांना अंगठा टेकवता येत नाही. मला म्हणाल्या, घाई आहे म्हणून लाव. घाई कसली? त्याही घरीच होत्या.*

*दिवस अकरावा. पीठ मीच मळलं, सलग सातव्यांदा. खांद्यात कळ. जाऊबाई म्हणाल्या, कामावर उशीर होतोय. हात चालत नाही, हे कबूल करतील तर शपथ.*

*दिवस तेविसावा. जाऊबाईंच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं. वर मलाच विचारतात, ओटा ओला कुणी ठेवला? ओटा कोरडा होता. मी स्वतः पुसला होता, मानेला पट्टा असताना.*

*दिवस चाळिसावा. जाऊबाई आजही पावणेआठला आल्या. पूर्वी साडेपाचला यायच्या. आई त्यांच्यासाठी थांबतात, म्हणून सगळे उपाशी. त्यांचे फर्मे वेळेत होत नाहीत म्हणून बसतात, दुसरं काही नाही. मला कळतं, बाकी कुणाला कळत नाही.*

पान उलटावं तिथं थोरली होती. थोरलीची वेणी घालून दिली, आभार नाहीत. थोरलीनं पिशवी डाव्या हातात घेतली आणि माझ्या अंगावर आपटली. थोरलीनं डबा उघडायला माझ्याकडं सरकवला, तोंडातून शब्द नाही, जशी काही मी डबे उघडायला ठेवलेली बाई. इतके महिने ही बाई समोर बसून थोरलीबद्दलच्या कागाळ्या लिहीत होती, आणि थोरली तिला विचारत होती, झालं का रडगाणं!

"ओटा ओला होता," थोरली म्हणाली.

"भांडायचं नाही ठरलंय."

"भांडत नाही. ओला होता, एवढंच सांगते."

ती पुढं वाचत गेली. एकोणसत्तराव्या दिवसाशी थांबली.

*आज पाहुणे आले होते. सगळे म्हणत होते, थोरली बघा, नवव्या दिवशी कामाला लागली. मग सगळ्यांनी माझ्या पट्ट्याकडं बघितलं. मला इतका राग येतो त्यांचा. त्यांच्यासारखं गप्प बसता आलं असतं तर मलाही चांगलं म्हणाले असते. हे वकीलबाईंना दाखवायचं नाही, खोडायचं.*

खोडलं नव्हतं. थोरलीनं ती ओळ पुन्हा वाचली. खरं सांगायचं तर आणखी दोनदा वाचली. अकरा महिन्यांत तिला इतकं बरं कशानंच वाटलं नव्हतं.

"उद्या तू येशील?" तिनं विचारलं. "वही नुसती चालत नाही म्हणे. लिहिणारी लागते."

"येईन. दुकानात सांगावं लागेल." धाकटी परत पिठाकडं वळली. "पण ओटा कोरडा होता, म्हणा."

"उद्या म्हणेन."

"आत्ता म्हणा."

थोरलीनं वही मिटून टेबलाच्या कडेला सरळ लावली. "ओलसर होता," ती म्हणाली.

शुक्रवारी विमा कंपनीच्या ऑफिसात लांब टेबल होतं. एका बाजूला कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला वकीलबाई आणि दोघी जावा. माणूस सभ्य होता. त्यानं पाणी विचारलं, पंखा कमी करू का विचारलं, आणि मग सभ्यपणेच म्हणाला, "इस्पितळाच्या कागदावर बाई स्वतः म्हणतात, त्रास नाही. नवव्या दिवशी कामावर. रोजचं काम बाराशे, अपघाताआधी तेवढं आणि नंतरही तेवढंच. हाताला इजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती आमच्या लिफ्टमधली आहे हे कशावरून?"

वकीलबाईंनी धाकटीला खूण केली. धाकटी वाचायला लागली. आधी घाबरत, मग जरा रंगात येऊन. थोरली समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत बसली. बटणं. पीठ. वेणी. डबा. दर दोन ओळींनी जाऊबाई, जाऊबाई. परक्या माणसापुढं आपले कपडे दोरीवर वाळत घातल्यासारखं तिला वाटत होतं, तेही आतले.

"माफ करा," कंपनीचा माणूस म्हणाला, "पण या घरच्याच आहेत. जावेचा फायदा व्हावा म्हणून आता बसून लिहिलं असेल, असं कुणीही म्हणेल."

"साहेब," वकीलबाई म्हणाल्या, "जावेचा फायदा व्हावा म्हणून कुठली जाऊ हे असं लिहिते?"

माणूस हसला. मग त्यानं हसू आवरलं आणि वही स्वतःकडं ओढून घेतली. "हे तेविसाव्या दिवसाचं. इथं दोन गोष्टी दिसतात. यांच्या मते ओटा कोरडा होता, तुमच्या मते ओला." तो थोरलीकडं वळला. "ओला असेल तर पातेलं घसरलं, त्यात हाताचा दोष नाही. मग बाकीच्या नोंदींनाही फारसा अर्थ राहत नाही. कोरडा असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हीच सांगा, बाई. काय होता?"

पंखा फिरत होता. धाकटी तिच्याकडं बघत नव्हती. पण न बघण्यातही ती कान टवकारून बसली होती, हे थोरलीला दिसत होतं. आत्ता म्हटलं की हे आयुष्यभर ऐकावं लागणार. सासूबाईंना कळणार, आणि त्यांच्या कानात यंत्र होतं. नाही म्हटलं तर चार महिन्यांची मजुरी, आणि पुढं रोज सातपर्यंत बसणं, कोपरे जमतील तोवर.

"कोरडा होता," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पातेलं माझ्या हातातून सुटलं. पहिल्या दिवसापासून काही धरवत नाही. हिनं पुसलेला ओटा होता, कोरडा ठणठणीत. मी खोटं बोलले." तोंड एकदा उघडलं तसं पुढचं आपोआप बाहेर आलं. "आणि इस्पितळातही खोटं बोलले. दुखत होतं. ही एवढी ओरडत होती, मला तिच्यासारखं ओरडायचं नव्हतं. आणि ते बाराशे फर्मे पाचपर्यंत होत नाहीत, सात वाजतात. घरी किती वाजता येते ते हिनं लिहिलंय बघा, भुकेल्या पोटी लिहिलंय, मिनिटाला मिनीट बरोबर असणार."

धाकटीनं खाली बघितलं. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय होतं, कळायला मार्ग नव्हता.

कंपनीच्या माणसानं चाळिसाव्या दिवसाच्या पुढची पानं एकेक करून पाहिली. पावणेआठ. सात चाळीस. आठ, आणि जेवण गार. मग तो फोन करायला बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, "एक वर्ष आठ महिने."

थोरलीच्या जिभेवर 'चालेल' आलं होतं. बावीस वर्षं प्रत्येक गोष्टीला ती हेच म्हणत आली होती.

"नाही चालणार," ती म्हणाली. "रोजचे दोन तास जास्तीचे. अजून अकरा वर्षं. ते कुठं धरलेत?"

वकीलबाईंनी पेनचं टोपण काढलं. तासभर बोलणी चालली. शेवटी आकडा ठरला दोन वर्षं आणि एक महिना. थोरली डाव्या हातानं पट्टी धरायला शिकली होती, पण सही तिनं उजव्याच हातानं करायची ठरवली. ती वेडीवाकडी आली. बाहेर पडताना तिनं वकीलबाईंना गाठलं.

"हिच्यापेक्षा पाच महिने कमी का?"

"घ्या आता!" वकीलबाई म्हणाल्या. "ते तुमच्या एका वाक्याचे, बाई. 'मला काही नाही.' ते कागदावर राहिलंच. बरंच महाग पडलं, पण याहून महाग पडलं असतं."

घरी परतेपर्यंत दुपार झाली. इमारतीत नवी लिफ्ट बसून आठवडा झाला होता. दार चकचकीत होतं. दोघी तिच्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि जिन्याकडं वळल्या.

पाच महिने, थोरली मनात म्हणत होती. पहिला मजला. पाच महिन्यांत किती फर्मे? दुसरा मजला. ही तर माझ्यावर पडली होती. तिसऱ्या मजल्यावर धाकटी थांबली, मानेवर हात ठेवला आणि पायरीवर बसली.

"तुम्ही व्हा पुढं, जाऊबाई. मला जरा टेकू द्या."

"दुखतंय?"

"हो."

"माझा हात जास्त दुखतोय."

"असेल. पैसे माझे जास्त आहेत."

थोरलीनं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. धाकटीही मान न वळवता, डोळे कोपऱ्यात नेऊन तिच्याकडं पाहत होती. वर आणखी एक मजला होता. थोरली हा जिना बावीस वर्षं चढत होती, लिफ्ट बंद असली की दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, आणि एकदाही मध्ये टेकली नव्हती.

"सरक," ती म्हणाली आणि धाकटीच्या शेजारी बसली. पायरी अरुंद होती. "गुडघापण दुखतो माझा. उजवा. त्याच दिवसापासून."

"गुडघ्याचं कुठंच लिहिलं नाही मी."

"तुला सांगितलं कुठं होतं?"

"आता लिहून काय उपयोग? सही झाली. आता एक पैसा वाढायचा नाही."

"तरी लिही," थोरली म्हणाली. "आणि तुझ्या मानेच्या वर लिही."